उंबऱ्याशी अडलेली चाकं

मणक्याला इजा झालेले जवान 1974पासून खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये राहतात. ऐन पंचविशीत कमरेखालची संवेदना जाते, लघवीवरचा ताबा सुटतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीही दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते. अशा रात्रींतून येणाऱ्या नैराश्याला मनाचा दुबळेपणा म्हणणं हा अन्याय आहे. त्यात गावच्या घराला उंच उंबरा, संडास परसात. व्हीलचेअर दारातच अडते आणि कालचा कर्ता मुलगा आज प्रत्येक गोष्टीसाठी हाक मारत बसतो. गोळ्या आणि समुपदेशन हवंच, पण रॅम्प, वेळेवर मिळणारं पेन्शन आणि त्याच दुखण्यातून गेलेले सोबती हेही उपचारच. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, पोहायला लागले आणि 1972मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आले. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण तिला तलाव मिळाला, शिकवणारेही मिळाले. बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्या बिगाऱ्याचा मणकाही तसाच मोडतो. त्याच्यामागे ना पलटण, ना पेन्शन. त्याच्यासाठी अशी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारनं उभारायला हवीत.