बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ, मग वर्गात बोलीला हसणं का?

फर्स्ट इयरचा पहिला आठवडा. 'माझी वही' म्हणायच्या जागी तोंडातून 'मनी वही' निघतं आणि मागच्या बाकावर हशा पिकतो. धुळे-जळगावात कॉलेज केलेल्या अनेकांना ही गोष्ट नवी नाही. पण हा फक्त चेष्टेचा विषय आहे का?

आधी इथलं वैविध्य समजून घेऊ. 1990 मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. 2011 च्या जनगणनेनुसार आदिवासी लोकसंख्या जळगावात सुमारे 14 टक्के, धुळ्यात सुमारे 31 टक्के आणि नंदुरबारमध्ये जवळपास 69 टक्के आहे. म्हणजे एकाच वर्गात अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी, मावची, गुजरी, बंजारा आणि उर्दू बोलणारी मुलं-मुली शेजारी बसू शकतात.

2018 मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेल्या ओव्या त्या आपल्या बोलीतच म्हणायच्या. त्यांच्या बोलीला विद्यापीठाच्या कमानीवर मान मिळतो. मग धडगावच्या मुलाची पावरी किंवा साक्रीच्या मुलीची अहिराणी ऐकून हसू का येतं?

भिंत कुठे उभी राहते?

प्रवेश यादीत सगळे एकत्र असतात. फाटाफूट नंतर होते, आणि तीही हळूहळू. पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा. कुणी सरकारी वसतिगृहात राहतं, कुणी समाजाच्या बोर्डिंगात, कुणी रोज एसटीने ये-जा करतं. डबा त्याच ग्रुपमध्ये, नोट्स त्याच ग्रुपमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही तोच. यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. पण ज्याचा ग्रुप लहान, त्याच्यापर्यंत नोट्सही उशिरा पोहोचतात आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीखही.

हे किती गंभीर होऊ शकतं?

जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईत वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. मे 2019 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी पायल यांच्या आई आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या आई यांनी मिळून सुप्रीम कोर्टात याचिका केली. त्यांचं म्हणणं साधं होतं : भेदभाव रोखण्याचे नियम कागदावर आहेत, ते कॉलेजात दिसू द्या.

त्यानंतर यूजीसीने जानेवारी 2026 मध्ये नवे समता नियम आणले. त्यावरून देशभर वाद झाला आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्यांना स्थगिती देत 2012 चे नियम लागू ठेवले.

मग आज तुमच्या हातात काय आहे?

2012 च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी हवा. वर्गात जात जाहीर करणं, 'राखीव वाला' असा शिक्का मारणं, कमी मार्कांचा संबंध जातीशी जोडणं हे सगळं त्यात भेदभाव मानलं आहे.

दुसरा नियम अनेकांना माहीतच नसतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर धर्म, जात, भाषा, गाव किंवा आर्थिक परिस्थितीवरून एखाद्याला त्रास देणं, वाळीत टाकणं हे रॅगिंगमध्ये मोडतं. तक्रारीसाठी हेल्पलाइन आहे : 1800-180-5522.

पण प्रत्येक हशाची तक्रार होत नसते, व्हायलाही नको. तिथे काम वर्गातल्या बाकीच्यांचं आहे. 'मनी वही' ऐकल्यावर मागचा बाक हसला, तर शेजारच्याने ती वही उघडून सोबत अभ्यासाला बसावं. आणि तुमच्या कॉलेजात भेदभावविरोधी अधिकारी कोण आहेत, हे उद्याच ऑफिसात विचारा. नाव सांगता आलं नाही, तर ते नोटीस बोर्डावर लावायची मागणी करा.