नैसर्गिकाचा शेंदूर

“काका, यात केमिकल अजिबात नाही. प्युअर मिनरल!”

मुलुंडच्या एका ग्राहकपेठेत त्या मुलीने चकाकत्या पावडरीची डबी माझ्यासमोर धरली. शेजारी सिंदूर, सुरमा, काजळ, मुलतानी माती. मी विचारलं, “मिनरल म्हणजे कुठलं गं?” तिने डबी उलटीपालटी केली. डबीवर हिरवं पान होतं, ‘नैसर्गिक’ होतं, दगडाचं नाव कुठेच नव्हतं. “नॅचरल आहे ना, काका,” ती म्हणाली, आणि मागच्या बाईंनी मला कोपराने बाजूला सारलं.

मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर. माझी तीस वर्षं घाटकोपरच्या पोरांवर “ब्रश तोंडात घालू नकोस” म्हणून ओरडण्यात गेली. त्यामुळे ‘नैसर्गिक’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. अहो, शिसं नैसर्गिक आहे. पारा नैसर्गिक आहे. सोमल तर किती नैसर्गिक! घ्या चमचाभर.

आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं. गेरू, काव, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, शेंदूर, सुरमा, मोरचूद. प्रत्येकाला वेगळं नाव, कारण प्रत्येकाचा गुण वेगळा आणि अवगुणही वेगळा. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज. कुंडीला लावा, हाताला लागला तर धुवा. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हरताळ आणि मनशीळ या दोघांच्याही पोटात आर्सेनिक. पोथी उतरवताना चूक झाली की नक्कलकार तेवढ्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासायचे, म्हणून तर ‘हरताळ फासणे’ म्हणतात. आता या साऱ्या नावांवर एकाच शब्दाने हरताळ फासलाय.

शेंदराचंच घ्या. तो खाणीतून येतही नाही, शिसं भट्टीत भाजून करतात. वजनाचे नव्वद टक्के निव्वळ शिसं. भिंतीच्या रंगात शिसं किती असावं याचा नियम आपल्या सरकारने 2016 साली केला आणि तो नोव्हेंबर 2017पासून लागू झाला: दहा लाख भागांत 90. शेंदरात दहा लाखांत नऊ लाख! माझ्या बैठकीच्या भिंतीला जे कायद्याने वर्ज्य, त्याच्या दहा हजार पट मी शनिवारी मारुतीच्या पायाशी चिमटीत धरतो आणि भक्तिभावाने कपाळाला टेकवतो. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिसं वापरायला बंदी आहे, हे खरं. पण पाकिटावर बारीक अक्षरांत ‘फक्त पूजेसाठी’ छापलं की ते प्रसाधन उरतच नाही. कपाळ कुणाचं, ते ज्याचं त्याने बघावं! भांगात भरायच्या सिंदुराचे नमुने इथे आणि अमेरिकेतही तपासले गेले, तेव्हा काहींत शिसं निघालंच. सुरमा म्हणाल, तर नावाला अंजनाचा दगड, बाजारात मिळतो तो बहुधा गॅलेना, म्हणजे पुन्हा शिसंच. तो आपण तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालतो, डोळे मोठे व्हावेत म्हणून.

2023च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, गोरं करणारी क्रीम लावत होत्या. तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईत केईएमच्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. आपण ती बातमी वाचली, हळहळलो, आणि गोरेपणाची पुढची डबी घेतली.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “आपले पूर्वज वापरत होतेच की.” होते ना. अजिंठ्याच्या चित्रकाराने गेरू वापरला, पिवळी माती वापरली, दगडातली हिरवी माती वापरली, निळ्यासाठी थेट अफगाणिस्तानातला लाजवर्द वापरला. पण त्याला दगड ओळखता येत होता, आणि तो रंग त्याने भिंतीवर लावला, गालांवर नव्हे. बोरिवलीला कान्हेरीत 34 क्रमांकाच्या लेण्यात जा, छताकडे बघा. बुद्धाचं चित्र अर्धवट राहिलंय. आमच्या उपनगरातलं हे खरं खनिज-रंगांचं काम. रविवारी शेकडो माणसं त्याच्या आसपास वेफर्स खातात आणि मान वर करत नाहीत. पूर्वजांचा पुळका फक्त बिल करताना येतो. आणि परंपरेच्या थराखाली मूळ वस्तूच झाकली जाते: वणीच्या सप्तशृंगीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत गेला. 2022 साली मंदिर दीड महिना बंद ठेवून तो उतरवला, तेव्हा कुठे आत देवीचं मूळ रूप दिसलं.

मॉलमधल्या महागड्या ‘मिनरल मेकअप’ची गंमत आणखी न्यारी. त्यातला तपकिरी रंग लोखंडाचाच, पण तो कारखान्यात बनवलेला असतो, आणि असायलाच हवा. खाणीतल्या गेरूबरोबर शिसं नि आर्सेनिकही येऊ शकतं. म्हणजे त्या डबीत सुरक्षित काय असेल, तर तेवढं केमिकल! आणि खरंच खाणीतून येतो तो अभ्रक. गालावरची ती चकाकी. झारखंडात कोडरमा-गिरिडीहच्या बेकायदा खाणींत तो लहान पोरं वेचतात, छत कोसळून मरतातही. त्याबद्दल डबीवर एक अक्षर नसतं. हिरवं पान मात्र असतं.

ग्राहकपेठेतून रिकाम्या हाताने निघालो. दिवाळी जवळ आली होती, कुंड्या रंगवायच्या होत्या, म्हणून नेहमीच्या हार्डवेअरवाल्याकडे पाव किलो गेरू मागितला. त्याने कागदात बांधायला घेतला, मग थांबला.

“मास्तर, नॅचरलवाला पण आलाय. पॅकिंगमध्ये. चाळीस रुपये जास्त.”