समोरचा झोत आणि साठीनंतरचे डोळे

रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, ही तक्रार माझ्या दवाखान्यात बहुधा रुग्ण स्वतः करीत नाहीत. ती त्यांच्या पत्नी करतात. रक्तदाब मोजून होतो, साखरेचा अहवाल पाहून होतो, औषधे लिहून होतात आणि मग उठता उठता त्या म्हणतात, "डॉक्टर, यांना जरा सांगा. रात्री समोरून गाडी आली की हे एकदम गप्प होतात आणि आपली गाडी डावीकडे सरकते." यजमान हसून उत्तर देतात, "अहो, हल्लीचे दिवेच तसले आहेत. सगळ्यांनाच त्रास होतो." दोघांचेही म्हणणे खरे असते. दिवेही बदलले आहेत आणि डोळेही. आरंभ डोळ्यांपासून करतो, कारण त्यांच्याबाबत आपल्याला काही करता येते. समोरच्याच्या दिव्यावर आपला अधिकार नाही.

तरुणपणी डोळ्यातील भिंग काचेसारखे नितळ असते. वय वाढते तसे ते किंचित पिवळसर आणि धुरकट होत जाते. त्याला मोतीबिंदू हे नाव मिळण्यापूर्वी कित्येक वर्षे हा बदल चालू असतो. प्रखर प्रकाश अशा भिंगातून सरळ जात नाही. तो विखुरतो आणि त्याचा एक पांढुरका पडदा साऱ्या दृष्टिपटलावर पसरतो. धुळीने माखलेल्या खिडकीवर सकाळचे ऊन पडले की काचेपलीकडचे अंगण दिसेनासे होते, तसेच हे आहे. या पडद्याचे गणित प्रकाशशास्त्राने मांडलेले आहे. त्यानुसार तरुणाच्या तुलनेत सत्तराव्या वर्षी हा पडदा दुप्पट दाट असतो आणि ऐंशीव्या वर्षी सुमारे पावणेतीनपट. लक्षात घ्यावे, हे निरोगी डोळ्यांचे गणित आहे. मोतीबिंदू त्याहून निराळा.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या बाहुलीची. अंधारात तरुणाची बाहुली चांगली रुंदावते, उतारवयात ती तेवढी उघडत नाही. भिंग पिवळट आणि दार अरुंद, यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणजे दिसण्यासाठी उजेड अधिक हवा आणि उजेड सोसण्याची शक्ती मात्र कमी, असा हा दुहेरी पेच आहे. एकाच माणसाला जिन्यात दिवा अपुरा वाटतो आणि रस्त्यावर दिवा असह्य होतो, यात विसंगती काहीच नाही. घरातल्यांना मात्र तो हेकेखोरपणा वाटतो.

तिसरी गोष्ट सावरण्याची. झोत निघून गेल्यावर दृष्टिपटलातील प्रकाशग्राही द्रव्य पुन्हा तयार व्हावे लागते, आणि वयानुसार हे काम मंदावते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. सावरायला पाच सेकंद लागले, तर ऐंशी मीटर आपण निव्वळ अंदाजाने गेलेले असतो. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना या ऐंशी मीटरांचा अर्थ वेगळा सांगायला नको. गाळप हंगामात रस्त्याच्या कडेला उभी असलेली, मागे ना दिवा ना परावर्तक असलेली उसाची ट्रॉली नेमकी त्याच अंतरात असू शकते. (प्रकाशग्राही द्रव्यासाठी 'अ' जीवनसत्त्व लागते हे खरे आहे. पण ज्यांचा आहार बरा आहे त्यांनी गाजराचा रस पिऊन भिंगाचा धुरकटपणा जात नाही. हा प्रश्न मला दर हिवाळ्यात विचारला जातो, म्हणून येथेच सांगून ठेवतो.)

"पण डॉक्टर, माझी नजर तर तपासली, ६/९ आहे," असे आपण म्हणाल. हे ६/९ कसे मिळते ते पाहा. शांत खोली, उजळलेला फलक, त्यावर ठळक काळी अक्षरे आणि समोरून डोळ्यात येणारा दुसरा कोणताही प्रकाश नाही. रात्रीचा रस्ता असा नसतो. चाळिशी ओलांडलेल्यांना वाहन परवान्यासाठी नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यासाठी लोक माझ्यासारख्याकडेच येतात. उमेदवाराला दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीच्या क्रमांकाची पाटी ओळखता येते काय, रातांधळेपणा आहे काय, असे प्रश्न त्यात आहेत. समोरून झोत आल्यावर काय दिसते, हा प्रश्न नाही. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचे नूतनीकरण पाच पाच वर्षांसाठी होते, आणि त्या वयात पाच वर्षांत भिंग बरेच बदलू शकते. परवाना वैध आहे याचा अर्थ रात्रीची नजर चांगली आहे असा मुळीच नाही, हे मी सही करताना प्रत्येकाला तोंडी सांगतो.

माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, वय ७१. मधुमेह जुना, दम्यासाठी बरीच वर्षे अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या. फलकावरची अक्षरे ते भराभर वाचत. एका संध्याकाळी पत्नीला मागे बसवून स्कूटरवरून येत असता समोरून ट्रक आला आणि त्यांना पुढचे काही म्हणता काही दिसेना. ब्रेक लागला तेव्हा कडेच्या उभ्या ट्रॉलीपासून स्कूटर हातभर अंतरावर होती. बाहुली मोठी करून तपासल्यावर कारण सापडले: भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, अगदी मध्यभागी धरलेला मोतीबिंदू. हा प्रकार मधुमेहात आणि स्टिरॉइडच्या दीर्घ वापरात विशेष दिसतो. त्याचे कपट असे की मंद उजेडात बाहुली रुंद असते आणि कडेच्या स्वच्छ भागातून बरे दिसते. झोत पडताच बाहुली आकसते आणि पाहण्यासाठी नेमका तो गढूळ मध्यभागच उरतो. सांधेदुखीसाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून 'गुणकारी' पुड्या आणि गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते.

तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर केवळ "चष्म्याचा नंबर बघा" असे म्हणू नये. "रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो" हे वाक्य स्पष्ट उच्चारावे. त्याने तपासणीची दिशाच बदलते. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास डोळे अधिकच दिपतात, म्हणून बरोबर कोणीतरी असावे आणि परतताना वाहन स्वतः चालवू नये. ज्यांची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली आहे त्यांनीही निश्चिंत राहू नये. काही जणांत कृत्रिम भिंगामागचे पातळ आवरण महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होते. ते लेसरने काही मिनिटांत मोकळे करता येते. शस्त्रक्रिया व्हायची असेल आणि दूरचे-जवळचे दोन्ही दाखवणारे मल्टिफोकल भिंग सुचविले गेले असेल, तर रात्री दिव्यांभोवती वलये दिसण्याचा त्रास त्यात अधिक असतो, हे आधी विचारून घ्यावे. रात्री वाहन चालवावेच लागते अशांनी साधे एककेंद्री भिंग घेऊन वाचनाला चष्मा वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

घरच्या घरी एक ढोबळ पडताळा घेता येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील बारीक अक्षरे आई-वडिलांना दोनदा वाचायला द्यावीत: एकदा उजेड पाठीमागे घेऊन आणि एकदा उघड्या खिडकीकडे तोंड करून. दुसऱ्या वेळी फार अडखळले, तर तपासणी लांबवू नये.

आता चष्म्याविषयी. सदऱ्याच्या किंवा पदराच्या टोकाने चष्मा पुसण्याची आपली सवय काचेवर शेकडो सूक्ष्म ओरखडे पाडते, आणि प्रत्येक ओरखडा रात्री झोत विखुरतो. साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपणे उत्तम. परावर्तनरोधक लेपाची काच थोडी महाग पडते, पण तिचा उपयोग आहे. बाजारात 'नाइट ड्रायव्हिंग'चे म्हणून मिळणारे पिवळे चष्मे मात्र घेऊ नयेत. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, समोरून झोत असताना पादचारी ओळखण्यास या चष्म्यांनी काहीही मदत झाली नाही. मुळात अपुरा असलेला प्रकाश आणखी गाळून टाकणारी काच मदत करील तरी कशी? डोळे कोरडे पडत असतील तर त्यानेही दिवे फाटल्यासारखे दिसतात. त्यावर साधे थेंब असतात. आणि गाडीची पुढची काच आतून पुसावी. बाहेरून ती सर्वजण धुतात, आतला तेलकट थर वर्षानुवर्षे तसाच असतो.

दिव्यांचा दोष नाही असे नाही. माझ्या पिढीला आठवत असेल, पूर्वी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका किंवा वरच्या भागावर काळा पट्टा रंगवलेला असे. तो दिसेनासा झाला आणि दिवे मात्र अधिक पांढरे, अधिक टोकदार झाले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवणारा नसावा. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे दिवसाही चालू राहतात, त्याचा हेतू चांगला आहे. खरी अडचण आहे ती नंतर बसविलेल्या दिव्यांची. हॅलोजन बल्बसाठी घडविलेल्या वाटीत लोक एलईडी बसवून घेतात. त्या वाटीचा आकार एका विशिष्ट जागी असलेल्या तारेसाठी आखलेला असतो. दुसऱ्या आकाराचा प्रकाशस्रोत तेथे आला की झोत रस्त्यावर न पडता वर आणि बाजूला उधळतो. मालकाला उजेड वाढल्याचे समाधान मिळते आणि समोरच्याला काही दिसत नाही.

आपल्या घरच्या गाडीपुरते एवढे करावे. बहुतेक चारचाकींत स्टिअरिंगजवळ दिव्याचे चित्र आणि शून्यापासून तीनपर्यंत आकडे असलेली एक लहान चकती असते. ती कशासाठी आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. मागच्या बाकावर तिघे आणि डिकीत गावाकडचे तांदूळ भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि डिपरचा झोतसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. अशा वेळी चकती वरच्या आकड्याकडे फिरवली की झोत खाली येतो. बल्ब बदलल्यावर किंवा गाडी कोठे धडकल्यावर मेकॅनिककडून भिंतीवर झोत मारून तो नीट बसवून घ्यावा. मागच्या गाडीच्या उजेडासाठी आतल्या आरशाखाली कळ असते. ती ओढली की आरसा मंद होतो.

वाहन चालवीत असाल तर समोरच्या दिव्याकडे पाहू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचे कारण सांगतो. नजर आणि दिवा यांतील कोन दुप्पट झाला की डोळ्यातला तो पांढुरका पडदा सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून वेग कमी करून रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवावी. रागाने आपणही अप्पर लावला, तर न दिसणारे दोघे होतात. महामार्गाच्या दुभाजकावरची कण्हेरीची आणि बोगनवेलीची दाट झाडी केवळ शोभेची नसते, ती पलीकडचे झोत अडविते. तेव्हा रात्रीच जाणे भाग असेल तर थोडे लांबचे अंतर पडले तरी दुभाजकाचा रस्ता धरावा.

पायी फिरणाऱ्यांचा धोका वेगळा आहे. पहाटे पाचला किंवा दिवेलागणीनंतर फिरताना आपल्याला गाडीचा दिवा लांबून लख्ख दिसतो, म्हणून चालकालाही आपण दिसतो असे आपण गृहीत धरतो. तसे नसते. समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांच्या झोतांमध्ये सापडलेला माणूस दोन्ही चालकांच्या दृष्टीने अक्षरशः नाहीसा होतो. पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे चालावे. फिकट कपडे घालावेत. पायाच्या घोट्यांवर चमकणारी पट्टी असावी, कारण हलणारी वस्तू लवकर लक्षात येते. हातात बॅटरी धरून तिचा उजेड आपल्या पावलांपुढे टाकावा. आणि झोत डोळ्यावर आला तर चालत राहू नये, थांबावे. त्या काही क्षणांत चुकलेली पदपथाची पायरी आणि मोडलेले खुब्याचे हाड, हे दोन्ही मी एकाच रुग्णात पाहिले आहे.

घरातल्या मुलांना, सुनांना आणि लेकींना एक विनंती. "बाबा, आता गाडी बंद" असे एका दिवशी जाहीर करू नका. ज्या माणसाने चाळीस वर्षे कुटुंबाला सर्वत्र नेले, त्याच्या हातून किल्ली काढून घेणे ही लहान गोष्ट नसते. त्यानंतर नाटकाला, भजनाला, मित्राकडे जाणेही थांबते आणि माणूस घरात खचतो. आधी तपासणी करून घ्या. तोवर दिवसा गाडी त्यांनाच चालवू द्या, रात्रीपुरती सोय तुम्ही करा, आणि ती सोय त्यांना मागावी लागू नये. लग्नसराईत रात्रीच्या स्वागतसमारंभाऐवजी सकाळच्या मुहूर्ताला त्यांना नेता येते. कित्येक ज्येष्ठ "मला आता असल्या गर्दीत जावेसे वाटत नाही" असे म्हणतात, तेव्हा खरे कारण परतीचा अंधारातला रस्ता हे असते.

एका लक्षणासाठी मात्र सकाळचीही वाट पाहू नये. दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलये दिसू लागली, डोळा लाल होऊन दुखू लागला, त्याच बाजूचे डोके ठणकू लागले आणि मळमळ किंवा उलटी झाली, तर तो डोळ्यातला दाब एकाएकी वाढवणारा काचबिंदू असू शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी किंवा बराच वेळ अंधारात बसल्याने असा झटका येऊ शकतो. उलटीमुळे पुष्कळदा पित्त समजून आम्लपित्ताच्या गोळीवर रात्र काढली जाते, आणि तेवढ्यात दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच रात्री पोहोचावे. गाडी अर्थातच दुसऱ्या कोणी चालवावी.