प्रेमपत्र ते लग्नपत्रिका

लंच टाइम. वाळूजच्या कॅन्टीनमध्ये तुम्ही डबा उघडलाय, तेवढ्यात मोबाइल वाजतो. नंबर शाळेतल्या मित्राचा. सोबत फाइल, नाव ‘लग्नपत्रिका’. अरे वा, कुणाचं ठरलं? बोट आपोआप पुढे सरकतं.

थांबा!

गोष्ट आपल्या मराठवाड्यातलीच आहे. ऑगस्ट २०२५मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर ३० ऑगस्टच्या लग्नाचं आमंत्रण आलं. त्याने ते उघडलं आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच. होती एक ‘एपीके’ फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसणारं अॅप.

असं अॅप इन्स्टॉल झालं, की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण घाईत ‘अलाऊ’, ‘अलाऊ’ करत सुटतो. मग बँकेचा ओटीपी भामट्याच्याही हाती लागतो. कधी कधी तर आपल्याच नंबरवरून ती फाइल पुढे सगळ्यांना जाते. म्हणून नंबर ओळखीचा असला, तरी भरवसा नको.

आयडिया तशी जुनीच. मे २०००मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा ईमेल जगभर फिरला होता. सोबतचं ‘प्रेमपत्र’ उघडलं, की व्हायरस कॉम्प्युटरमधले फोटो खराब करायचा आणि अॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तोच ईमेल पाठवायचा. तेव्हा प्रेमपत्र, आता पत्रिका. पंचवीस वर्षांत प्रकरण लग्नापर्यंत आलं म्हणायचं!

गंमत सोडा. इथे कुणी कुलूप तोडत नाही, कडी आपणच काढतो. म्हणून एवढं लक्षात ठेवा. पत्रिका बघायची असते, इन्स्टॉल करायची नसते. फोटो किंवा पीडीएफ असेल तर तो सरळ दिसतो. नावाच्या शेवटी ‘एपीके’ दिसलं, की डिलीट! फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अॅप्स’ शोधा आणि व्हॉट्सअॅपसमोरचं बटण बंद ठेवा. या रविवारी हेच काम आई-बाबांच्या फोनवरही करा. लग्नाची आमंत्रणं त्यांनाच जास्त येतात आणि आलेल्या आमंत्रणाचा मान ठेवायची सवयही त्यांनाच जास्त.

चुकून इन्स्टॉल झालंच तर? आधी त्या फोनचं नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसलात, तर चोराचंच फावतं.

आणि मित्राचं खरंच लग्न असेल तर? सरळ फोन लावा. तो खूश होईल, तुम्हाला मुहूर्त कळेल, आणि जेवणाचा मेनूसुद्धा!