मी जामीन राहतो

आजवर मी कुणालाही जामीन राहिलेलो नाही. हलवाई जसा स्वतःच्या दुकानातली मिठाई खात नाही, तसा बँकेतला माणूस जामीन राहत नाही. आत काय असतं ते दोघांनाही ठाऊक असतं. सख्ख्या मेव्हण्याने स्कूटरच्या कर्जाचा फॉर्म पुढे केला, तेव्हा माझ्या उजव्या हाताला अचानक मुंग्या आल्या होत्या. मेव्हण्याला दुसरा जामीनदार मिळेपर्यंत त्या गेल्या नाहीत.

असा मी आज, स्वखुशीने आणि कसल्याही नशेच्या अंमलाखाली नसताना, एकदम सहा जणांना जामीन राहतो आहे. हे सहाही जण व्हिडिओ गेम आहेत.

इथे काही वाचक पान उलटतील. चाळिशी ओलांडलेला, बी.कॉम. झालेला, बावीस वर्षं खिडकीमागे बसलेला गृहस्थ आणि व्हिडिओ गेम? खुशाल उलटू द्या. हा लेख माझ्या समव्यसनी बंधुभगिनींसाठी आहे. रात्री साडेदहाला घरातली निजानीज झाली की आवाज बंद करून जे खेळतात आणि कुणी पाणी प्यायला उठलं की एक्सेलचा तक्ता पुढे करतात, ते. तुम्ही आहात, मला माहीत आहे. परवाच आमच्या शाखेतल्या सर्वांत गंभीर अधिकाऱ्याच्या तोंडून ‘पार्सनिप’ हा शब्द निसटला. पार्सनिप नावाचा कंद आमच्या मंडईत मिळत नाही. तो मी फक्त एका खेळात पिकताना पाहिला आहे. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि काही न बोलता चहाला गेलो.

तर मंडळी, आज माझं भांडण तुमच्याशीच आहे. कारण मी शिफारस करतो ते खेळ विकतचे म्हटल्यावर तुम्ही लगेच म्हणता, ‘अहो, मोबाईलवर इतके फुकट असताना पैसे कशाला घालवायचे?’

फुकट! बँकेत हा शब्द आम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरतो, म्हणून त्याची किंमत मला ठाऊक आहे. ‘फ्री’ या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते आणि त्या चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात दिलेला असतो. तो वाचायला लागणारा चष्मा मात्र फुकट मिळत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक पेन्शनर माझ्या खिडकीशी आले. प्राथमिक शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. दर महिन्याच्या तीन तारखेला पासबुक भरून घ्यायला येतात. त्या दिवशी त्यांनी पासबुक माझ्यापुढे ठेवलं आणि आवाज न चढवता म्हणाले, “साहेब, तुमच्या बँकेने माझे पैसे खाल्ले.”

मी पाहिलं. १५९ रुपयांच्या २९ नोंदी आणि ७९९ रुपयांच्या ८. बेरीज ११,००३. सगळ्या एकाच खेळाच्या नावावर. नातू सातवीत. फोन आजोबांचा, पिनही आजोबांचा, आणि तो पिन म्हणजे आजोबांचं जन्मसाल.

“पण तो खेळ फुकट आहे म्हणाला होता हो,” गुरुजी म्हणाले.

खेळ फुकटच होता. त्यातली पेटी विकत होती. पेटीत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही, आणि नको ते निघालं की दुसरी पेटी घ्यावी लागते. एवढ्या पेट्यांतून नातवाला मिळालं काय, तर बंदुकीला सोनेरी रंग. गोळी तीच. मी तक्रारीचा फॉर्म काढला. गुरुजींनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. “नको. पोराचं नाव येईल त्यात.” मग त्यांनी पिन बदलून घेतला आणि गेले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना वजाबाकी शिकवली, त्याच्या पासबुकात ही वजाबाकी मला स्वतःच्या हाताने छापून द्यावी लागली.

पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्र सरकारने कायदा करून बंदी आणली. चांगलं झालं. पण या पेटीत जिंकायला पैसे नसतातच, फक्त घालवायला असतात. जुगारी निदान जिंकण्याची आशा तरी विकत घेतो.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. दुकानदार किंमत सांगतो, पैसे घेतो, पिशवी हातात देतो आणि तुम्हाला सोडतो. सावकार म्हणतो, ‘घेऊन जा हो, पैशाचं काय एवढं!’ आणि तुम्हाला कधीच सोडत नाही. जो खेळ एकदा पैसे घेऊन तुम्हाला सोडतो, तो दुकानदार. फुकट म्हणून घरात शिरतो आणि रोज ‘आज आला नाहीत?’ अशी घंटी वाजवतो, तो सावकार. कॉमर्सच्या पदवीला एवढं समजलं तरी माझ्या वडिलांनी भरलेली फी वसूल झाली.

हे दुकानदार बहुतेक ‘इंडी’ म्हणवल्या जाणाऱ्या खेळांत सापडतात. म्हणजे डोक्यावर मोठी कंपनी नाही आणि एकट्यादुकट्याने किंवा चार मित्रांनी मिळून केलेलं काम. पंचतारांकित हॉटेल आणि कोपऱ्यावरच्या काकूंचं पोळीभाजी केंद्र यात जो फरक, तोच इथे. हॉटेलात मीठ जास्त झालं तर कुणावर रागवायचं ते कळत नाही. काकूंना तोंडावर सांगता येतं.

आता एकेक अर्जदार पुढे बोलावतो.

पहिला ‘पेपर्स, प्लीज’. २०१३ साली ल्यूकस पोप नावाच्या गृहस्थाने केला. तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवर, १९८२ साली, खिडकीमागे बसलेले कारकून आहात. लोक कागद पुढे करतात, तुम्ही तपासायचे आणि शिक्का मारायचा. दिवसभर बँकेत हेच करून रात्री पुन्हा हेच का, असं सौ.ने विचारलं. तिचं बरोबर आहे. पण या खेळात पगार माणशी मिळतो, चुका वाढल्या की दंड कापतात आणि घरी पोरगं आजारी असतं. नवऱ्याचे कागद बिनचूक असतात आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकोचा परवाना नसतो. तो नुसता म्हणतो, तिला सांभाळून घ्या. आता मारा शिक्का! एक जोर्जी नावाचा म्हातारा तर चक्क हाताने रंगवलेला पासपोर्ट घेऊन येतो, तोही अस्तित्वातच नसलेल्या देशाचा. हाकलला तरी हसत जातो आणि हसत परत येतो. प्रत्येक शाखेत असा एक खातेदार असतोच. हा खेळ खेळल्यापासून आधारवरच्या नावात एक ‘ए’ जास्त आहे म्हणून परत पाठवण्याआधी मी समोरच्याचा चेहरा बघतो. नियम तोच राहतो, पण चेहरा बघतो.

दुसरा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. याच पोप महाशयांचा, २०१८ चा. साल १८०७. हरवलेलं जहाज परत आलं आहे आणि त्यावर जिवंत कुणी नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. साठ माणसं, त्यातले काही खलाशी आपल्या हिंदुस्थानातले. कोण, कसा, कुणामुळे मेला, हे वहीत नोंदवायचं. तीन नोंदी बरोबर आल्याशिवाय वही मान डोलवत नाही, त्यामुळे ठोकताळा चालत नाही. मित्रहो, हे ऑडिट आहे! आणि ऑडिटरला रात्रभर झोप लागू नये इतकं ते रंगतं, हे मी आमच्या शाखेत आजवर पाहिलेलं नाही.

तिसरा त्या पार्सनिपवाला, ‘स्टार्ड्यू व्हॅली’, २०१६. कंपनीतल्या नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांची शेती कसायला गावी जातो. तुम्ही रोज लोकलमध्ये जे स्वप्न बघता, तेच. चित्रं, संगीत, संवाद, सगळं एरिक बरोन या एकाच माणसाने साडेचार वर्षं खपून केलं. तेव्हा तो सिअॅटलमध्ये नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करी आणि घर मुख्यतः त्याच्या जोडीदारणीच्या कमाईवर चाले. हे मी सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, “तिचं नाव आहे का कुठे खेळावर?” त्यानंतर मी हा मुद्दा काढत नाही. खेळात रात्रीचे दोन वाजले की नायक असेल तिथे कोसळतो. खेळाबाहेर मीही.

चौथा ‘मिनी मेट्रो’, २०१५, न्यूझीलंडच्या ‘डायनोसॉर पोलो क्लब’चा. नकाशावर स्टेशनं उगवतात, ती रेघांनी जोडायची. त्यात मुंबईही आहे. एखाद्या स्टेशनात गर्दी फार साचली की खेळ संपतो. न्यूझीलंडची माणसं मनाने हळवी असावीत. हा नियम खरोखर लावला असता तर दादरला खेळ १९५० सालीच आटोपला असता.

पाचवी आपल्या घरची. ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’, २०२०, पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ची. धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांनी पळवलं आहे आणि राजी ही पोरगी त्याला शोधायला निघते. वाटेतले महाल, भिंतीवरची चित्रं डोळे निववतात. जामीनदाराने खरं सांगावं म्हणून सांगतो, लढाया जरा कच्च्या आहेत आणि गोष्ट रंगात आली असताना संपते. पण पुण्यातल्या वस्तूने ठरल्या वेळेआधी बंद होण्याची आपल्याला सवय आहे. चूक काढा, जरूर काढा, मात्र विकत घेऊन काढा. नाटकाचं तिकीट न काढता नाटक पडलं म्हणणाऱ्यांची संख्या आपल्याकडे आधीच पुरेशी आहे.

सहावा ‘अनपॅकिंग’, २०२१, ऑस्ट्रेलियातल्या ‘विच बीम’चा. यात करायचं एवढंच : खोकी उघडायची आणि सामान लावायचं. एकाच मुलीची आठ बिऱ्हाडं, १९९७ पासून २०१८ पर्यंत. ती स्वतः एकदाही दिसत नाही, फक्त तिचं सामान दिसतं. तीन बदल्यांत तीनदा घर हलवलेल्या माणसाला खोकी उघडायची हौस कसली, म्हणून मी तो घेऊन नुसता ठेवला होता. तो खेळला सौ.ने. “बघू तरी काय एवढं असतं,” म्हणून एका रविवारी दुपारी बसली.

२०१० सालच्या घरात ती मुलगी मित्राच्या बिऱ्हाडी राहायला जाते. तिच्या हातात तिचं पदवीचं प्रमाणपत्र असतं. भिंतीवर जागा नाही, कपाटात जागा नाही, सगळीकडे त्याचं सामान. सौ.ने ते इथे लावून पाहिलं, तिथे लावून पाहिलं. खेळ कुठेच घेईना. शेवटी ते पलंगाखाली सरकवलं, तेव्हा खेळ खूश झाला.

सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चहा टाकते.”

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक विम्याचं कॅलेंडर आहे आणि मला मिळालेलं ‘उत्कृष्ट ठेव संकलन’चं प्रशस्तिपत्र आहे, काचेच्या फ्रेममध्ये. सौ. लग्नाआधी गाण्याची विशारद झाली. ते प्रमाणपत्र आमच्या पलंगाच्या पेटीत, पाहुण्यांच्या रजयांखाली, गेली एकोणीस वर्षं आहे. हे मला माहीत होतं. मी लावलेलं सामान होतं ते.

संध्याकाळी मी हातोडी घेऊन स्टुलावर चढलो. खिळा वाकडा गेला, गिलावा निघाला आणि शेजारचे काका ‘काय चाललंय’ विचारायला आले. फ्रेम किंचित डावीकडे कलली आहे, पण आहे. ठेव संकलन सध्या रजयांखाली आहे.

पेटी उघडून काय मिळतं ते गुरुजींच्या पासबुकात मी छापून दिलं होतं. आमची पेटी एका फुकट नसलेल्या खेळाने उघडली, आणि त्याने पैसे एकदाच घेतले.

तेव्हा मंडळी, या सहा जणांना मी जामीन. हप्ते नाहीतच, त्यामुळे थकण्याची भीती नाही. मेव्हण्याने हा लेख वाचला तर त्याला एवढंच सांगा, की हाताच्या मुंग्या अजून पुरत्या गेलेल्या नाहीत.