फलकावरचा आकडा

आपल्या सीमाभागात गावाच्या वेशीपाशी, रस्त्याच्या कडेला, तांबड्या वर्तुळात लिहिलेला एखादा आकडा कित्येक ठिकाणी दिसतो. तो कोणी ठरवला, आणि तीसच का, चाळीस का नव्हे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ही ग्रामपंचायतीची कामगिरी असावी, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ११२ व्या कलमान्वये कमाल वेगाची वरची सीमा केंद्र सरकार आखते, आणि तिच्या आत एखाद्या रस्त्यापुरती वा पुलापुरती मर्यादा आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्याने नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला असतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना हवी आणि जागेवर फलकही हवा. पंचायतीने एकमताने ठराव केला, तरी असा अधिकार तिला दिलेला नसेल, तर तो ठराव म्हणजे केवळ विनंती होय.

६ एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे महामार्ग व शहरे वगळून इतर रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० आणि मालमोटारीला व दुचाकीला ६० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. आमच्यासारख्या शाळामास्तरांना हा ७० चा आकडा स्वस्थ बसू देत नाही. त्या वेगात मोटार एका सेकंदात सुमारे १९ मीटर धावते, ३० च्या वेगात आठ. मूल रस्त्यावर आल्याचे ध्यानात येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढा पल्ला संपलेला असतो. पुढे थांबण्याचे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. नववीच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडले की मुले एकदम गप्प होतात.

अभियंते आकडा सुचवताना पुष्कळदा एक माप धरतात : शंभरांतील पंच्याऐंशी चालक ज्या वेगाच्या आत राहतात, तो वेग. त्यात तथ्य आहे. रुंद, सरळ रस्त्यावर वीसचा फलक लावला तर तो कोणी पाळीत नाही, आणि पुढचा खरा फलकही मग थट्टेचा विषय होतो. परंतु त्या शंभरांत कडेने दप्तर घेऊन चालणारी पोर मोजलेली नसते. शाळा, वळण, बाजाराचा दिवस, बैलगाड्यांची वर्दळ यांचाही हिशेब त्या आकड्यात उतरला पाहिजे, असे आमचे मत आहे.

दाद लागत नाही म्हणून गावकरी रातोरात मुरमाचा उंचवटा घालतात. त्यांचा संताप आम्हाला कळतो, उपाय पटत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने सुखरूप ओलांडता येईल असा असावा. मुरमाच्या ढिगाऱ्यावर आधी आदळतो तो मागे बायकोला बसवून निघालेला दुचाकीस्वार, आणि हंगामात उसाची ट्रॉली.

त्यापेक्षा रीतसर अर्ज करावा. जिल्हाधिकाऱ्यांना मूळ प्रत, सार्वजनिक बांधकाम खात्याला नक्कल. शाळेच्या फाटकापासून रस्ता किती पावलांवर, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा, आजवर झालेले अपघात तारखांसह, आणि शक्य तर एक नकाशा. नुसते ‘वाहने भरधाव जातात’ लिहून भागत नाही; कायदासुद्धा एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाबद्दल शिक्षा करीत नाही, यंत्राचे मोजमाप मागतो.

त्याच कलमात एक सोय आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मर्यादा एक महिन्याहून अधिक काळ ठेवायची नसेल, तर राजपत्रातील अधिसूचना लागत नाही. रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्कादेवीची यात्रा माघात भरते. कोल्हापूर-सांगलीकडून बैलगाड्यांच्या रांगा लागतात, आणि त्याच रस्त्यांनी मालमोटारीही जातात. अशा वाटेवरच्या गावांना ही सोय उपयोगी पडावी. मात्र अर्ज पौषातच कचेरीत पोचला पाहिजे.