नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आज श्रावण वद्य अष्टमी. मध्यरात्री घरोघरी आणि देवळादेवळांतून श्रीकृष्णजन्म होईल, पाळणा म्हटला जाईल, सुंठवडा वाटला जाईल. जन्माचा हा सोहळा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्या बाळाचे नामकरण कसे झाले, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, आठव्या अध्यायात ती कथा आली आहे. यादवांचे पुरोहित गर्गमुनी वसुदेवाच्या सांगण्यावरून गोकुळात आले. नंदाने दोन्ही बालकांवर संस्कार करण्याची विनंती केली, तेव्हा मुनींनी शंका काढली की, यदुकुलाच्या पुरोहिताने हे संस्कार केल्याचे कंसाच्या कानी गेले, तर हा देवकीचाच पुत्र, असे तो ताडील. शेवटी ना सनई, ना चौघडा, ना गोतावळा. गाईंच्या गोठ्यात, एकांतात, केवळ स्वस्तिवाचन करून त्रैलोक्याच्या धन्याचे नामकरण उरकले गेले.

ह्या कथेतील मर्म पुढेच आहे. गर्गमुनींनी नुसती नावे उच्चारली नाहीत, तर प्रत्येक नावाचे कारण सांगितले. रोहिणीचा पुत्र आपल्या गुणांनी आप्तेष्टांना रमवील म्हणून राम, बळ अधिक म्हणून बल, यादवांना एकत्र जोडून ठेवील म्हणून संकर्षण. यशोदेच्या मांडीवरील बाळ पूर्वीच्या युगांत शुभ्र, आरक्त आणि पीत वर्णाचे होते, ते आता श्यामवर्णाचे झाले म्हणून कृष्ण. पूर्वी कधी वसुदेवाच्या पोटी जन्मले म्हणून वासुदेव. गुणांप्रमाणे आणि कर्मांप्रमाणे ह्याला आणखी पुष्कळ नावे पडतील, असेही मुनी सांगून गेले. त्याप्रमाणे घडलेही. मातेने उदराला दावे बांधले म्हणून दामोदर झाला. गोवर्धन उचलल्यावर इंद्राने आणि सुरभीने अभिषेक केला तेव्हा गोविंद झाला. एकेक नाव म्हणजे एकेक लीला होय. म्हणूनच आम्हां कीर्तनकारांना भगवंताचे एक नाव घेतले की पूर्वरंगाला आणि उत्तररंगाला पुरेल इतके धन हाती लागते.

जे देवाच्या नावाचे, तेच माणसाच्या नावाचे. आमचे सांगणे इतकेच आहे की, नाव कानात सांगितल्याने अर्धा संस्कार होतो. त्या नावाचे कारण मुलाला कळते, तेव्हा तो पुरा होतो.

आपल्या पूर्वजांनी ह्या विषयाचा किती बारकाईने विचार केला होता, हे पाहण्यासारखे आहे. पतंजलींनी व्याकरणमहाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, व्याकरण कशासाठी शिकावे ह्याची प्रयोजने सांगताना पुत्राच्या नामकरणाचा दाखला दिला आहे. नावाचा आरंभ मृदू घोषवर्णाने व्हावा, मध्ये अंतस्थ वर्ण असावा, अक्षरे दोन किंवा चार असावीत, ते शत्रुकुलात रुळलेले नसावे आणि आधीच्या तीन पिढ्यांतील पुरुषांना अनुसरणारे असावे, असा तो याज्ञिकांचा संकेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा नियम! आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत त्याच विचाराची. आजही आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे होते, ताटातल्या तांदळांवर अंगठीने नावे लिहिली जातात. कुलदेवतेचे, महिन्याचे, नक्षत्राचे आणि व्यवहाराचे, अशी चार नावे. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि त्याबद्दल पाठीवर बुक्के खाण्याचा मानही तिचाच! मग घुगऱ्या वाटल्या जातात आणि जो तो आपापल्या घरी जातो. नाव का ठेवले, हे मात्र पुष्कळदा त्या गडबडीतच राहून जाते.

नावातून आईबाप काय बोलू शकतात, ह्याचे आळंदीइतके मोठे उदाहरण दुसरे नाही. विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले आणि समाजाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. अशा घरी चार मुले झाली, आणि त्यांची नावे काय? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. आधी प्रपंचातून मन मागे फिरावे, मग ज्ञान व्हावे, त्या ज्ञानाचा जिना चढावा आणि मुक्तीच्या दारी पोहोचावे. कीर्तनाच्या परंपरेत हा क्रम आवर्जून उलगडून सांगतात. गावाने ज्यांना पाणी नाकारले, त्यांनी गावाला उलट शब्द ऐकवला नाही. मुलांना हाक मारतानाच सारा परमार्थ उच्चारला.

नावामागची कथा दर वेळी मिरवण्यासारखीच असते असे नाही. परंतु ती खरी असली म्हणजे पुरते. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरुगृही निघाला, तेव्हा त्याने आईला आपले गोत्र विचारले. जबाला म्हणाली की, तारुण्यात अनेकांकडे सेवा करीत असताना तू मला झालास. गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल असे सांग. मुलाने गुरूपुढे जसेच्या तसे सांगितले आणि हारिद्रुमत गौतमांनी त्याच्या सत्यनिष्ठेवरूनच त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. आईचे नाव लावण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. देवकीनंदन, कौंतेय, सौमित्र ही नावे आपण नित्य घेतो. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापाठोपाठ आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचे ठरविले, तेव्हा काहींना ते नवे वाटले. वास्तविक ती उपनिषदातली वाट आहे.

आता काही नावांना आपण हसतो त्यांविषयी. दगडू, धोंडू, केरबा, भिकू. शहरात गेलेला नातू आजोबांचे असले नाव सांगताना आज संकोचतो. त्याला कोणी सांगितलेले नसते की, ज्या घरात एकामागून एक पाळणे रिते झाले, त्या घरातल्या आईने हे नाव ठेवले होते. मूल जणू कोणाच्या मोलाचे नाही, दगड आहे, केरात टाकलेले आहे, भीक मागून आणलेले आहे, असे भासवले म्हणजे काळाची दृष्ट त्यावर पडणार नाही, अशी तिची भाबडी समजूत. कोठे बाळाला उकिरड्यावर ठेवून उचलून घेत, कोठे मूठभर धान्याला विकून परत विकत घेत. नाव ओबडधोबड, पण त्याच्या आत मायेचा झरा. ज्याचे नाव धोंडो, त्या महर्षी कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाचा डोंगर उचलला आणि १९५८ साली ते भारतरत्न झाले. तेव्हा दगडू ह्या नावाची लाज बाळगू नये. ते उच्चारताना हात जोडावेत.

परंतु ह्याच नावांसारखे दिसणारे आणखी एक नाव आपल्या महाराष्ट्रात ठेवले गेले, आणि त्यापुढे मान खाली जाते. ते नाव ‘नकोशी’, कोठे ‘नकुसा’. मुलगी नको होती, तरी झाली. निदान पुढच्या वेळी मुलगा व्हावा म्हणून हिचे नाव असे. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. कोणी देवतेचे नाव निवडले, कोणी चित्रपटातील नायिकेचे. कोणतेही निवडले असो, ते त्यांनी स्वतःसाठी मागून घेतलेले पहिले आशीर्वचन होते.

दगडू आणि नकोशी ह्यांतील भेद प्रत्येक घराने समजून घ्यावा. दोन्ही नावे वरवर तिरस्काराचीच. पण दगडूच्या आईने मृत्यूला चकविण्यासाठी खोटे बोलले. नकोशीच्या घराने मुलीच्या तोंडावर खरे बोलून दाखवले. पहिले नाव ठेवणे होते, दुसरे नावे ठेवणे. हाक मारावी आणि प्रत्येक हाकेसरशी ‘तू नको होतीस’ असे ऐकवावे, ह्याला संस्कार कसे म्हणावे? स्त्रियांविषयीच्या ज्या वचनांमुळे मनुस्मृतीवर कठोर टीका होते, त्या मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातसुद्धा मुलीचे नाव उच्चारायला सोपे, क्रूर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर आणि आशीर्वाद देणारे असावे, असेच सांगितले आहे. म्हणजे हे नाव शास्त्रात बसत नाही आणि मायेतही बसत नाही. नावे बदलली, ती ठेवणारी वृत्ती बदलली की नाही, ह्याचे उत्तर ज्या त्या घराने आपल्या देवघरापुढे द्यावयाचे आहे.

हल्लीच्या नावांसंबंधी आमच्याकडे पुष्कळ लोक विचारणा करतात. कोठल्या तरी यादीतून नाव काढलेले असते, शेजारी ‘संस्कृत’ असा शिक्का असतो, आणि कोशात तो शब्द सापडत नाही. कधी शब्द खरा असतो, पण लेखन घसरते. ‘हृषीकेश’ म्हणजे हृषीकांचा, इंद्रियांचा ईश. ‘ऋषिकेश’ असे लिहिले की ऋषींचे केस हाती येतात! परंतु येथेही नावे ठेवण्याची घाई करू नये. पतंजलींच्या योगसूत्रांत ‘अस्मिता’ हा पाच क्लेशांपैकी एक आहे. आजच्या मराठीत मात्र तोच शब्द स्वत्वाच्या अभिमानाचा झाला आहे. आईबापांनी तो त्याच भावनेने ठेवला असेल, तर कोशापेक्षा त्या घरातला अर्थ मोठा. आमचा आग्रह एवढाच की, काही तरी अर्थ असावा, तो आपण पारखून घेतलेला असावा आणि मुलाला सांगता यावा. अजामिळाने धाकट्या मुलाचे नाव नारायण ठेवले होते, म्हणून अंतकाळी मुलाला मारलेली हाक देवापर्यंत पोहोचली. देवाची नावे मुलांना ठेवण्यामागे पूर्वजांचा हाच हेतू होता की, दिवसभराच्या रागालोभातही मुखी नाम यावे.

ह्याच ओघात लग्नात मुलीचे नाव बदलण्याच्या चालीविषयीही बोलले पाहिजे. पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी हा विवाहविधीचा गाभा. नाव बदलणे हा लोकाचार आहे. आत्याने कानात सांगितलेले, वीस-पंचवीस वर्षे जिला ओ दिली ते नाव एका क्षणी पुसले की त्यामागची कथाही माहेरीच राहते. सुनेला ते मनापासून हवे असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर तांदळांच्या ताटात तिचे माहेरचेच नाव लिहावे आणि त्याची गोष्ट तिच्या तोंडून ऐकावी. सासरशी मन जुळण्याचा तो चांगला आरंभ होईल.

गर्गमुनींना गोठ्यात मोठा समारंभ करता आला नाही. नाव आणि त्याचे कारण, एवढेच ते देऊ शकले, आणि तेवढे पुरेसे झाले. आज मध्यरात्रीच्या जन्माची वाट पाहत घरातील लहानथोर जागे असतील. जन्माला अवकाश असेल तोवर घरातील वडीलधाऱ्यांनी प्रत्येक मुलाला, आणि विशेषेकरून प्रत्येक मुलीला जवळ बसवून सांगावे की, तुझे नाव हे का, ते कोणी सुचविले, त्या दिवशी घरात काय घडले होते. आजीचे नाव काय होते आणि ते का होते, हेही तिच्याकडूनच विचारून घ्यावे. ती सांगणारी आहे तोवरच ते कळेल. मग पाळणा हलवावा.